डॉक्टर ब्रेफोंची भरलेली टाकी

१

सुआमे मॅगझीन नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत, बादूच्या गल्लीत, मेलेल्या गाड्यांचं कोणाला अप्रूप नव्हतं. कुमासी शहरातल्या निम्म्या गाड्या तिथेच मरायच्या आणि उरलेल्या तिथेच जिवंत व्हायच्या. पण त्या सोमवारी टोचन करून आणलेली पांढरी गाडी बघायला गल्लीने हातातली कामं खाली ठेवली. ती डॉक्टर ऑगस्टस ब्रेफोंची टर्बो गाडी होती, आणि तिच्या मागोमाग खुद्द डॉक्टर ब्रेफो एका खटारा टॅक्सीतून उतरले.

ब्रेफो डॉक्टर कसले, हे विचारायची सोय नव्हती. फरशा आणि संडासाची भांडी विकून त्यांनी बंगला बांधला होता, एका प्रार्थनामंडळाला छप्पर घालून दिलं होतं, आणि त्या मंडळाने उपकारांची फेड म्हणून त्यांना पदवी दिली होती. तेव्हापासून बायकोनेही जेवायला हाक मारताना त्यांना डॉक्टर म्हणावं, असा घरात नियम होता.

त्यांनी सगळ्यांदेखत इंजिन उघडायला लावलं. दुपारपर्यंत वरचा भाग उतरला आणि आतला पिस्टन दिसला. त्याच्या मधोमध भोक पडलं होतं, अंगठा सहज आत जाईल एवढं. कडा मेणासारख्या वितळल्या होत्या.

"बघून घ्या," ब्रेफो म्हणाले. "शुक्रवारी ह्या बादूने माझ्या गाडीला औषध पाजलं. शनिवारी मी मामांच्या चाळिसाव्याला निघालो आणि माम्पोंगच्या घाटात इंजिन फुटलं. गावी पोचलो तो संध्याकाळी, कंदांच्या ट्रकमधून. तोवर मामांची गादी माझ्या मावसभावाला देऊन मंडळी मोकळी झाली होती. आता मला सांगा, हा योगायोग आहे?"

गल्लीतल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. त्यांच्यात मामाचा वारसा भाच्याकडे जातो. चाळिसाव्या दिवशी घरची मंडळी बसतात, वारस ठरवतात आणि त्याच्या खांद्यावर मामाचं कापड घालतात. जो भाचा तिथे हजर नाही, त्याच्या खांद्यावर कोण कापड घालणार? ब्रेफोंचं म्हणणं होतं की मावसभाऊ अमानक्वाने बादूला फितवलं.

मेकॅनिक यॉ बादू आपल्या शेडच्या दाराशी उभा होता. वीसेक वर्षांपासून ते शेड त्याचं होतं, आणि त्याच्याखेरीज त्याचं दुसरं काही नव्हतं. गल्लीची अपेक्षा होती की तो कानांवर हात ठेवेल.

"बाटली मीच ओतली," बादू म्हणाला. "माझ्या ह्याच हातांनी."

२

गॅरेजवाल्यांच्या संघटनेचे म्होरके नाना अकोतो यांनी बादूच्या शेडला कुलूप घातलं. फैसला शुक्रवारी. दोष शाबित झाला तर बादूने गल्ली कायमची सोडायची, आणि ह्या गल्लीने हाकललेल्या माणसाच्या हातात शहरात कोणी पाना देत नसे. गाडीच्या चाव्या नानांनी स्वतःच्या खिशात टाकल्या आणि मॅडम सार्पोंगला बोलावणं धाडलं.

सेर्वा सार्पोंगने सगळी नोकरी एका विमा कंपनीत काढली होती. मोडलेली गाडी बघायची आणि मालक किती खोटं बोलतो ते वर कळवायचं, हे तिचं काम. त्या कामाने तिला दोन गोष्टी दिल्या होत्या, एक दुखरी कंबर आणि दुसरी गाडीवाल्या पुरुषांबद्दलची पक्की, शांत तुच्छता. महागडी गाडी घेतलेला पुरुष दिसला की तिला पहिलीतलं पोर नवीन दप्तर मिरवताना दिसायचं. फरक इतकाच की ते पोर दुसरीत जातं.

नानांनी तिला सगळं सांगितलं. ती नाक मुरडून म्हणाली, "एक संडास विकणारा डॉक्टर आणि एक स्वतःच गुन्हा कबूल करणारा गाढव. ह्यात मी काय करायचं, नाना?"

"बादू गाढव नाही, सेर्वा."

"मग तोंड का उघडलं त्याने?"

"ओतली म्हणून उघडलं. त्याला विचार तूच."

बादू कुलूपबंद शेडसमोर पाटावर बसला होता. लोक येता-जाता त्याच्याकडे बघत होते आणि तो कोणाकडे बघत नव्हता. मॅडमने त्याला बाटलीबद्दल विचारलं. इंजेक्टर साफ करायचं औषध, नेहमीचंच, त्याने सांगितलं. पेट्रोलच्या टाकीत ओतायचं. पेट्रोलबरोबर ते इंजेक्टरच्या बारीक तोंडांपर्यंत जातं आणि तिथली काजळी हळूहळू सोडवतं. डॉक्टरसाहेबांच्या गाडीचं इंजिन थांबल्यावर थरथरत होतं, म्हणून त्याने ते सुचवलं होतं.

"किती ओतलंस?"

"एक बाटली. भरलेल्या टाकीला एक बाटली, हा नियम आहे."

"आणि टाकी भरलेली होती?"

"काटा बघूनच ओतलं, मॅडम. मी काटा बघितल्याशिवाय ओतत नाही. डॉक्टरसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनीच झाकणाचं कुलूप काढून दिलं. त्या झाकणाची चावी ते कोणाला देत नाहीत."

"अमानक्वा तुझ्याकडे आला होता, असं लोक म्हणतात."

बादूने मान खाली घातली. "आला होता. गुरुवारी."

"कशाला?"

"ते मी सांगू शकत नाही. त्याने शपथ घातली आहे."

मॅडम सार्पोंगने मनातल्या मनात त्याला दुसऱ्यांदा गाढव म्हटलं. शेड जायची वेळ आली आणि हा शपथा पाळतोय.

३

औषध विकणारी फिलोमिना गल्लीच्या तोंडाशी बसायची. तिच्या फळीवर रंगीबेरंगी बाटल्या मांडलेल्या असत आणि प्रत्येक बाटलीवर आगीच्या ज्वाळा किंवा धावता चित्ता असे. मॅडमने येताच नकली मालाबद्दल विचारलं, तेव्हा फिलोमिनाने कमरेवर हात ठेवले.

"आंटी, मी नकली माल विकला असता तर ह्या गल्लीने मला माझ्याच बाटल्यांत बुडवलं असतं. बादू मास्तर नेहमी हीच नेतात. त्याच खोक्यातली शेवटची ही बघा, घेऊन जा, तपासा."

मॅडमने ती विकत घेतली आणि रीतसर पावतीही मागितली. झाकण फोडून थोडं औषध काचेच्या पेल्यात ओतलं. सोनेरी, पातळ, आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं. तो वास तिच्या ओळखीचा होता. माल अस्सल होता.

"ह्याने पिस्टनला भोक पडतं?"

"ह्याने?" फिलोमिना हसली. "अर्धं शहर हेच ओततं. मला तर वाटतं निम्म्यांना काही फरकही पडत नाही, पण ओतल्यावर त्यांना बरं वाटतं. मीही बरं वाटू देते."

त्यातला खरेपणा मॅडमला आवडला.

मावसभाऊ अमानक्वा शाळामास्तर होता. तो शाळेच्या व्हरांड्यात तळलेला मासा आणि केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, खाताना सापडला. नव्या वारसाच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद असायला हवा होता. त्याच्या चेहऱ्यावर दाढ दुखणाऱ्या माणसाची कळा होती.

"मॅडम, गादी गादी काय म्हणतात लोक," तो म्हणाला. "मामांनी मागे काय ठेवलंय? एक कोकोचा मळा, त्याच्यावर तीन खटले, आणि डझनभर पोरं. त्या सगळ्यांच्या फिया आता मी भरायच्या. मला ती गादी नको होती. ऑगस्टसला हवी होती, कारण त्याला पुढच्या रांगेत बसायला आवडतं."

"मग गुरुवारी बादूकडे का गेला होतास?"

अमानक्वाने हात धुतले, पुसले, आणि नाइलाजाने सांगितलं. त्याने बादूला हात जोडून विनवलं होतं की ऑगस्टसची गाडी शनिवारी काही करून गावी पोचली पाहिजे, गाडी ठणठणीत करून दे. मला गादी नको म्हणून मीच धडपडतोय हे घरच्यांना कळलं तर मोठी मामी मला उभा सोलेल, म्हणून कोणाला सांगू नकोस, अशी शपथही घातली होती. चाळिसाव्याला मंडळी जेवायची थांबली होती, तीही त्याच्याच हट्टाने.

म्हणजे ज्याच्यावर कट रचल्याचा आरोप होता, तो एकटाच ब्रेफो वेळेवर पोचावेत म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. मॅडमला हसू आलं. पण मग पिस्टनला भोक पाडलं कोणी?

निघताना अमानक्वा सहज म्हणाला, "एक सांगू? ऑगस्टस संध्याकाळी आला आणि मोठ्या मामीच्या पाया पडायला वाकला, तर मामीने तोंड फिरवलं. त्याच्या काळ्या कापडाला पेट्रोलचा भपकारा येत होता. मामी म्हणाली, हा चाळिसाव्याला आलाय की पेटवून घ्यायला?"

मॅडम सार्पोंग दारातच थांबली. स्वतःच्या हाताने पेट्रोल हाताळणाऱ्यातले ब्रेफो नव्हते. हा माणूस स्वतःच्या गाडीचं दारही स्वतः उघडत नसे.

४

गाडी संघटनेच्या आवारात उभी होती. ब्रेफोंचा ड्रायव्हर सालिफू तिच्या सावलीत बसला होता. शनिवार-रविवार तो घाटात ह्याच गाडीत झोपला होता, साहेब कंदांच्या ट्रकने पुढे गेल्यावर. उत्तरेकडचा, उंच, हाडकुळा माणूस. नावाला ड्रायव्हर, पण लोक बघत असले की साहेब स्वतःच चालवत आणि सालिफू दार उघडायला असे. मॅडमला बघून तो उठला आणि तिने काही विचारायच्या आत म्हणाला, "साहेबांची टाकी कायम भरलेली असते, मॅडम."

"मी टाकीबद्दल विचारलं का?"

सालिफू पायाने माती उकरायला लागला.

नाना अकोतोंकडून चाव्या यायच्या होत्या, पण दार उघडंच होतं. मॅडम चालकाच्या जागेवर बसली. आत अत्तराचा आणि चामड्याचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक वास. स्टिअरिंगच्या मागे काचेवर ब्रेफोंचा स्वतःचा हसरा फोटो चिकटवला होता, पदवीच्या झग्यातला, टोपीसकट, पोस्टाच्या तिकिटाएवढा. माणसाला गाडी चालवताना स्वतःचंच तोंड बघायचं असतं, हे तिला नवीन नव्हतं. शेजारी पेट्रोलचा काटा भरलेल्यावर टेचात उभा होता.

ती त्या काट्याकडे बघत राहिली. मग खाली उतरली आणि डिकी उघडली. जमिनीवरची सतरंजी तिने उचलली आणि नाकाशी धरली. सतरंजीच्या कोपऱ्यात एक चौकोनी ठसा होता, काहीतरी जड तिथे कायम ठेवलेलं असावं असा.

"इथे काय असतं, सालिफू?"

"काही नाही, मॅडम."

"साहेबांचं काळं कापड इथेच ठेवलं होतं ना, गावी जाताना? चुरगळू नये म्हणून?"

सालिफूने मान डोलावली. तेवढ्यात नाना आले. सोबत शेजारच्या शेडमधला एक कारागीर होता. झाकणाचं कुलूप शाबूत होतं, एक ओरखडा नव्हता. नानांनी ते उघडलं, कारागिराने आत नळी सोडली. नळी तळाला टेकली आणि कोरडी परत आली.

टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता.

५

ब्रेफोंनी मॅडमला बंगल्याच्या दिवाणखान्यात भेट दिली. खुर्च्यांवरची प्लास्टिकची खोळ अजून काढलेली नव्हती. मॅडम बसली तशी ती चरचरली. भिंतीवर झग्यातला तोच फोटो होता, दारापेक्षा मोठा.

टाकी कोरडी निघाली हे ऐकून ते क्षणभर गोंधळले आणि लगेच सावरले. "चोरांनी काढलं! घाटात दोन रात्री गाडी उभी होती. सालिफू झोपला की त्याला हत्ती चालून गेला तरी कळत नाही. आणि मी सांगतो, चोरांना चांगलाच हात मारता आला असणार. माझी टाकी कायम भरलेली असते."

तेच शब्द, त्याच क्रमाने. मॅडमने मान डोलावली.

"कुठल्या पंपावर भरता?"

"मोठ्या रस्त्यावरच्या. सगळे ओळखतात मला तिथे."

"मोठ्या रस्त्यावर तीन पंप आहेत."

"तिन्हीकडे ओळखतात." त्यांनी पाय पुढे पसरले. त्यांनी मग तिला बराच वेळ टर्बो गाडी म्हणजे काय ते समजावलं. साध्या माणसाने ही गाडी घेऊ नये, तिला सांभाळायला ऐपत लागते, ही गाडी पेट्रोल पिते पण ब्रेफो मागे बघत नाही, शनिवारीसुद्धा घाटात लाकडाच्या ट्रकला मागे टाकतच होतो. बादूसारख्याच्या हातात ती दिली हीच चूक झाली, असं ते म्हणाले. बादूचं शेड गेलंच पाहिजे, नाहीतर उद्या तो दुसऱ्या कोणाच्या गाडीला विष पाजेल.

मॅडमने त्यांना मधे तोडलं नाही. खोटं बोलणाऱ्याला भरपूर दोर सोडायचा, हे तिला नोकरीत शिकायला मिळालं होतं. परतताना तिने मोठ्या रस्त्यावरच्या तिन्ही पंपांवर टॅक्सी थांबवली. तिन्हीकडच्या बायका डॉक्टर ब्रेफोंना ओळखत होत्या. रोज त्यांच्या समोरून काच वर करून जातात, म्हणाल्या. पण आत वळलेले कधी बघितले नाहीत. मग ती मागच्या गल्लीत गेली, जिथे मोटरसायकलवाले पेट्रोल घेतात तिथल्या एकुलत्या जुन्या पंपावर. तिथल्या बाईने ब्रेफोंना कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि एक उंच, हाडकुळा, उत्तरेकडचा माणूस?"

"सालिफू? तो तर जवळजवळ रोजच येतो," ती बाई म्हणाली. "पिवळा कॅन घेऊन, चालत."

मॅडम सार्पोंगला तिथल्या तिथे सगळं कळलं, आणि कळल्यावर तिला खरोखर किळस आली. खून सापडला असता तर तिने तो एक वेळ समजून घेतला असता.

६

शुक्रवारी संघटनेच्या आवारात उभं राहायला जागा नव्हती. अमानक्वा शाळेला दांडी मारून आला होता. फिलोमिनाने फळी बंद केली होती. बादू भिंतीशी बसला होता, आणि त्याच्या शेडची चावी नानांच्या हातात होती. ब्रेफो पांढऱ्या कापडात आले होते, न्याय मिळणाऱ्या माणसाच्या थाटात.

मॅडमने दोन काचेच्या बरण्या गाडीच्या छपरावर ठेवल्या.

"टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा," ती म्हणाली. "हे डॉक्टरसाहेबांनी मला दिवाणखान्यात समजावलं, अर्थात ते मला आधीच माहीत होतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. जितकी हवा आत जाते, तितकं पेट्रोल गेलं पाहिजे. हवा आली आणि पेट्रोल कमी पडलं, की आत भट्टी पेटते आणि पिस्टन वितळतो. म्हणजे प्रश्न इतकाच आहे की घाटात पेट्रोल का कमी पडलं."

"औषधामुळे," ब्रेफो म्हणाले. "विषामुळे."

"औषध अस्सल आहे, मी तपासलं. ही पहिली बरणी. बादूने ओतलं तेवढंच औषध मी भरलेल्या टाकीएवढ्या पेट्रोलमध्ये मिसळायला लावलं, त्यातलं हे थोडं." बरणीतलं पेट्रोल स्वच्छ होतं. "आणि ही दुसरी. हे तुमच्या गाडीच्या गाळणीत अडकून राहिलेलं, नानांसमोर काढलेलं. चोर टाकी रिकामी करतो, गाळणी पिळत नाही. इंजिनाने शेवटी जे प्यायलं ते हे."

दुसऱ्या बरणीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पेट्रोल होतं आणि तळाशी बोटभर गाळ. पुढच्या रांगेतल्यांनी वास घेतला आणि मागे सरकले. नुसत्या औषधाचा वास होता.

"बाटली एकच," मॅडम म्हणाली. "मग ते इतकं दाट कसं? एकच रस्ता आहे. टाकीत पेट्रोल जवळजवळ नव्हतंच. टाकीभर पेट्रोलने हळूहळू सोडवायची घाण तळातल्या चार थेंबांनी एका दमात सोडवली, ती गाळणीत जाऊन बसली. त्यात घाट लागला, चढणीवर उरलंसुरलं पेट्रोलही आटलं, आणि साहेबांनी लाकडाच्या ट्रकला मागे टाकायला पाय दाबला. हवा आली. पेट्रोल आलं नाही."

आवारात कुजबूज झाली. ब्रेफोंच्या कपाळावर घाम आला, पण आवाज चढला. "म्हणजे ह्या बादूने रिकाम्या टाकीत औषध ओतलं! हाच तर गुन्हा! काटा बघता येत नाही का त्याला?"

बादू पहिल्यांदाच उठला. "काटा भरलेल्यावर होता."

"होता," मॅडम म्हणाली. "अजून आहे. नाना, चाव्या तुमच्याकडे आहेत ना? ह्या गाडीचा काटा चावी बंद केली की खाली पडायला हवा. चावी बंद आहे, टाकी कोरडी आहे, आणि काटा तिथेच उभा आहे. बघा."

नानांनी खिडकीतून डोकं आत घातलं. मॅडमच्या खुणेसरशी शेजारच्या कारागिराने स्टिअरिंगमागची काच उचकटली. काट्याच्या मुळाशी गोंदाचा एक वाळलेला थेंब होता. मग मॅडमने आत हात घालून झग्यातला हसरा फोटो नखाने सोलला आणि नानांनी चावी फिरवली. फोटोच्या मागून एक लहानसा दिवा लागला, पेट्रोल संपल्याचा.

कोणी हसलं नाही. हसण्याआधी लोकांना ते नीट समजून घ्यायचं होतं. टर्बो गाडी, आणि टाकीत मोटरसायकलएवढं पेट्रोल. रोज कॅनभर, मागच्या गल्लीतून, ड्रायव्हरच्या हाताने. शेजारी बसणाऱ्या पाहुण्यांना दिसावा म्हणून चिकटवलेला काटा.

"मला काय माहीत!" ब्रेफो ओरडले. "हे सालिफूचं काम. पेट्रोलचे पैसे खाऊन त्याने—"

सालिफू उभा राहिला.

"गोंद तुम्हीच मागवला होता, साहेब. तुमच्या वाढदिवसाच्या आधी. आणि शनिवारी निघताना मी म्हटलं, घाट आहे, आज तरी भरून घेऊ. तुम्ही म्हणालात, गावी पोचण्यापुरतं आहे. कॅनमध्ये थोडं होतं ते तुम्ही कापडाशेजारी ठेवायला लावलं. ते सांडलं." तो दमला, कारण इतकं तो कधी बोलला नव्हता. "घाटात मी कॅन झाडीत टाकून दिला. तुम्हीच सांगितलं टाकायला."

मॅडम ब्रेफोंकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "बादू बाटली ओतत होता तेव्हा तुम्ही शेजारी उभे होता. टाकी रिकामी आहे, एवढं म्हणायचं होतं. गल्लीतली चार माणसं ऐकतील म्हणून नाही म्हणालात. इंजिन जाऊ दिलं, गादी जाऊ दिली. आणि मग ह्या माणसाचं शेड मागायला आलात. मी आयुष्यभर लबाड गाडीवाले बघितले, डॉक्टर. ते पैशासाठी खोटं बोलायचे. तुमच्याइतक्या स्वस्तात खोटं बोलणारा माणूस मी बघितला नाही."

मग मात्र गल्ली हसली, आणि ते हसू बराच वेळ थांबलं नाही.

७

खोटा आळ घेणाऱ्याने मेंढी आणि श्नॅप्स दारूची बाटली देऊन माफी मागायची, ही रीत होती. ब्रेफो लगेच तयार झाले. त्यांनी खिशात हात घातलाही. पण नाना अकोतोंनी मान हलवली.

"मेंढी नको, बाटलीही नको," ते म्हणाले. "तुमची टाकी कायम भरलेली असते ना? मग भरा. इथे, बादूच्या शेडमध्ये उभी करून. ड्रायव्हर नाही, टॅक्सी नाही. मोठ्या रस्त्यावरचा पंप, पिवळा कॅन, आणि तुम्ही."

ब्रेफोंनी इकडे-तिकडे बघितलं. अमानक्वा छपराकडे बघत होता. जवळचा कोणीही पुढे झाला नाही.

नानांनी चावी बादूच्या हातात ठेवली. बादूने कुलूप काढलं, दार सारलं, आणि आतल्या हवेत उभा राहून त्याने एकदा डोळे मिटले. मॅडम सार्पोंगने ते बघितलं आणि गाडी आत घ्यायला हाताने खूण केली. माणसांनी ढकलत ती आत आणली.

फिलोमिनाने फळीखालून स्वतःचा कॅन दिला, भाड्याने. भर दुपारी, पांढरं कापड खोचून, डॉक्टर ऑगस्टस ब्रेफो सुआमे मॅगझीनमधून कॅन घेऊन चालले. मोठ्या रस्त्यावरच्या पंपावरच्या बायका त्यांना ओळखत होत्याच. त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. परतताना कॅन एकदा ह्या हातात, एकदा त्या हातात. पहिल्या खेपेला गल्ली ओरडत होती. तिसऱ्या खेपेला लोक कामाला लागले होते, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"काट्याने तुला फसवलं, ते ठीक," मॅडम बादूला म्हणाली. ती त्याच्या पाटावर बसली होती. "पण तू एकदा टाकीत डोकावला का नाहीस?"

"एवढ्या मोठ्या माणसाची टाकी, मॅडम," बादू म्हणाला. "ती रिकामी असेल असं मनातच आलं नाही."

मॅडमने त्याला तिसऱ्यांदा गाढव म्हणायचं ठरवलं होतं, पण म्हटलं नाही.

ब्रेफोंनी आणखी एक कॅन ओतला आणि धापा टाकत विचारलं, "झालं? आता इंजिनाचं काम कधी धरतोस?"

बादू चालकाच्या जागेवर बसला आणि त्याने चावी फिरवली. गोंद खरवडलेला काटा हलला, थोडा वर आला आणि अर्ध्याच्याही खाली थांबला. दिवा विझला होता. सालिफू खिडकीतून वाकून बघत होता. त्या गाडीत तो दिवा विझलेला तो पहिल्यांदाच बघत होता.

"टाकी भरली की," बादू म्हणाला, आणि रिकामा कॅन त्याने ब्रेफोंच्या हातात परत दिला.